करीच्या दिवशीची दोन बोटं

वाचकाचं पत्र

डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही येवला तालुक्यातले. करीच्या दिवशी दुपारी आमचे हे, मी आणि आमचा सहा वर्षांचा मुलगा मोटारसायकलवरून नणंदेकडे चाललो होतो. मुलगा पुढे टाकीवर, मी मागे. रस्त्यात आडवा आलेला नायलॉनचा मांजा यांच्या गळ्यात अडकला आणि गाडी पडली. गळ्याच्या डाव्या बाजूने रक्ताची चिळकांडी उडत होती. मी पदराचा बोळा करून तिथे दोन बोटांनी दाबून धरला. लोक म्हणत होते, उठवून बसवा, पाणी पाजा. मी कुणाचं ऐकलं नाही, पिकअपमध्ये यांना आडवं घातलं आणि दवाखान्यात डॉक्टरांनी हात लावेपर्यंत बोटं काढली नाहीत. पहिल्या दवाखान्यात जखमेत लघवीची नळी घातली आणि नाशिकला पाठवलं. त्या नळीवरून माझे दीर अजून भांडायला निघालेत. नाशिकला ऑपरेशन झालं. कार्डावर लिहिलंय: डावी कॉमन कॅरोटिड, पार्शल टिअर, व्हेन पॅच, एक्स्टर्नल जुग्युलर बांधली, तीन महिन्यांनी डॉप्लर. आता हे चालतात-फिरतात, पण आवाज बसलाय आणि पाणी पिताना ठसका लागतो. सासूबाई म्हणतात, तू गळा दाबलास म्हणून त्याचा आवाज गेला, आणखी थोडा वेळ दाबला असतास तर मेंदूला रक्त न मिळून लुळा पडला असता. सहा आठवडे हेच ऐकतेय. रात्री दचकून जाग येते. माझं खरंच चुकलं का? रक्त पातळ व्हायची गोळी जखम भरल्यावर बंद करायची का? आणि पडताना मुलाच्या गळ्याला हँडल लागलं होतं. वरून काही दिसत नव्हतं म्हणून दाखवलं नाही. तो खेळतोय, पण मनात धाकधूक आहे.

उत्तर

ताई, तुमचं काहीही चुकलं नाही. तुमचे यजमान आज घरात चालता-फिरताना दिसतायत, ते पहिल्यांदा तुमच्या त्या दोन बोटांमुळे आणि मग डॉक्टरांमुळे. हे एवढं आधी सासूबाईंना वाचून दाखवा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

कार्डावरच्या शब्दांपासून सुरुवात करते, कारण सगळं त्यात आहे. कंठमण्याच्या बाजूला, मान वळवल्यावर दोरीसारखा उठून दिसणारा स्नायू असतो ना, त्याच्या आडोशाला दोन्हीकडे एकेक मोठी धमनी असते. ती कॉमन कॅरोटिड. हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त बाहेर टाकतं, त्यातलं जवळजवळ 15 टक्के एकट्या मेंदूला लागतं आणि त्याचा मोठा वाटा या दोन धमन्यांमधून वर जातो. तुमच्या यजमानांची डावीकडची धमनी अर्धवट चिरली होती. अर्धवट चिरलेली धमनी हा फार वाईट प्रकार. पूर्ण तुटलेली धमनी निदान आक्रसते, तिची टोकं आत ओढली जातात आणि थोडं रक्त आपोआप थांबतं. अर्धवट चिरलेलीला आक्रसताच येत नाही, चिरेचं तोंड उघडंच राहतं. अंगात सगळं मिळून रक्त 5 लिटरच्या आसपास, आणि असं भोक उघडं राहिलं तर काही मिनिटांत खेळ संपतो. पिकअप मिळेपर्यंतसुद्धा वेळ नव्हता, ताई. तो वेळ तुम्ही मिळवून दिलात.

आता सासूबाईंची भीती. ती अगदीच बिनबुडाची नाही, म्हणून ती झटकून टाकणार नाही. 1552 साली आंब्रवाज पारे या फ्रेंच शल्यवैद्याने गळा चिरलेल्या एका सैनिकाची कॅरोटिड दोऱ्याने बांधून टाकली होती. सैनिक जगला, पण त्याचं अर्धं अंग लुळं पडलं आणि वाचाही गेली. म्हणजे या धमनीचं रक्त तोडलं की मेंदूला इजा होऊ शकते, हे माणसाला जवळजवळ पावणेपाचशे वर्षं माहीत आहे. सासूबाई म्हणतात ते याच्याशी जुळतं. पण पुढचं त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या चार आहेत. दोन कॅरोटिड गळ्यात पुढे, आणि दोन मागे, मानेच्या मणक्यांच्या भोकांमधून ओवल्यासारख्या वर जाणाऱ्या. या चौघी कवटीच्या तळाशी एकमेकींना एका कड्याने जोडलेल्या असतात. गावातल्या चार विहिरींचं पाणी एकाच टाकीत सोडावं तसं. एकीचा प्रवाह कमी झाला तर उरलेल्या तिघी भर घालतात. सगळ्यांचं कडं सारखं पुरतं नसतं, त्यामुळे एक बाजू कायमची बांधली तर कुणाला झटका येतो, कुणाला येत नाही. पारेच्या सैनिकाला आला. पण तुम्ही कायमचं बांधलं नव्हतं. जिथून रक्त येत होतं तिथे, एकाच बाजूला, बोटाने भोक झाकलं होतं. आणि न दाबता सगळं रक्त पदरावर आणि रस्त्यावर गेलं असतं तर चारही धमन्या रिकाम्या झाल्या असत्या. मेंदू वाचवायला आधी अंगात रक्त असावं लागतं.

मग आवाज का बसला? कॅरोटिड धमनी आणि तिच्या शेजारची मोठी शीर यांच्यामध्ये, एकाच म्यानात, एक लांबलचक नस असते. तिला व्हेगस म्हणतात. आवाजाच्या पडद्यांना हलवणारी नस हिचीच फांदी. डावीकडची फांदी तर छातीपर्यंत खाली उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि श्वासनलिकेच्या कडेने पुन्हा वर येते. मांजा ज्या खोलीपर्यंत शिरला होता तिथे ही नस अगदी लगत आहे. तिला मांजा लागला असेल, सूज आली असेल, किंवा फाटलेली धमनी शिवताना बाजूला सारावी लागून ती ताणली गेली असेल. ऑपरेशनच्या वेळी श्वासासाठी घातलेल्या नळीमुळेही आवाज काही काळ बसतो. यांपैकी नेमकं कोणतं, ते मी पत्रावरून सांगणार नाही. पण पदराचा बोळा वरून दाबल्याने आवाज जाणं हे या यादीत फार खाली येतं, आणि समोर धमनीपर्यंत गेलेली चीर असताना तर त्याचा विचारही करायला नको.

यावर करायचं काय, तर याच आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. नाकातून बारीक दुर्बीण घालून ते आवाजाचे दोन्ही पडदे हलतात का ते पाहतील. पाच मिनिटांचं काम आहे. डावा पडदा हलत नसेल तर आवाज हवा गळणाऱ्या भात्यासारखा येतो आणि पाणी चुकीच्या वाटेने जातं, म्हणून ठसका. नस नुसती ताणलेली असेल तर ती सावरते, पण फार सावकाश: काही महिने, कधी वर्षभर. तोवर वाचा-उपचार करणाऱ्यांकडून व्यायाम शिकून घ्या. नाहीच सावरली तर थकलेला पडदा मध्यावर सरकवून ठेवायची छोटी शस्त्रक्रिया असते आणि तिने आवाज पुष्कळ सुधारतो. सध्या पाणी घोटघोट, ताठ बसून, हनुवटी किंचित छातीकडे झुकवून प्यावं. निव्वळ पाण्यापेक्षा जरा दाट पेज किंवा घट्टसर डाळ सोपी जाते. जेवताना गप्पा नकोत. ठसक्याबरोबर ताप आला, छातीत घरघर वाटली तर थांबू नका, पाणी फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो.

तुमच्या दिरांना त्या नळीबद्दल सांगायचंय, कारण तिथे मोठा गैरसमज झालाय. लघवीसाठी वापरतात त्या नळीच्या टोकाला एक छोटा फुगा असतो. नवी, निर्जंतुक नळी जखमेच्या वाटेने आत सरकवायची, सुईने थोडं पाणी भरून फुगा फुगवायचा आणि वरची कातडी तिच्याभोवती टाक्याने आवळायची. फुगा आतून धमनीवर दाबून बसतो. जिथे बोट पोहोचत नाही किंवा किती तास दाबत बसावं लागेल ते ठाऊक नसतं, तिथे ही युक्ती जीव वाचवते. येवल्याहून नाशिक म्हणजे सत्तर-ऐंशी किलोमीटर. एवढा वेळ हलत्या गाडीत कुणाचं बोट जागचं हललं नसतं? त्या डॉक्टरांनी जखम उचकटून आत काय आहे ते शोधत बसण्याचा मोह टाळला, तुमच्या बोटांची जागा फुग्याला दिली आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन जिथे आहेत तिथे पाठवलं. दिरांना म्हणावं, त्या दवाखान्यात जायचंच असेल तर तिळगूळ घेऊन जा. संक्रांत रथसप्तमीपर्यंतच असते हे मला माहीत आहे, पण या कामाला उशीर झालेला चालतो.

मी उमेदवारी करत होते तेव्हाची एक रात्र सांगते. एका मोठ्या सरकारी रुग्णालयात काचेच्या दुकानात काम करणारा एक पोरगा आणला होता, गळ्यात काच घुसून निघालेली. त्याच्या भावाने टॉवेल दाबून धरला होता. मी नवी, उत्साही. किती लागलंय ते बघावं म्हणून टॉवेल उचलला. रक्त माझ्या चष्म्यावर आलं. वरिष्ठांनी माझं मनगट धरून माझं बोट त्या भोकावर ठेवलं आणि म्हणाले, "आता हे बोट तुझं नाही." तसंच बोट ठेवून मी स्ट्रेचरबरोबर पळत गेले, लिफ्टमध्ये वाकून उभी राहिले, ऑपरेशन टेबलापाशीही तशीच. शेवटी त्यांनी माझ्या हातमोज्यासकट त्याच्या गळ्यावर आयोडीन फासलं, वरून-खालून धमनीला चिमटे लागले आणि तेव्हा कुठे म्हणाले, काढ. बोट सरळ होईना. तो पोरगा वाचला. कापड उचलून बघण्याची चूक मी डॉक्टर असून केली, तुम्ही केली नाहीत. म्हणून तुमचं पत्र वाचताना माझं तेच बोट आखडल्यासारखं झालं.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी इथे थांबून सांगते, कारण उद्या ही वेळ कुणावरही येईल. मांजा, काच, विळा, पत्रा, पंख्याचं पातं, गळा कशानेही कापू दे. जिथून रक्त येतंय नेमकं तिथे स्वच्छ मिळेल ते कापड धरा आणि बोटांनी घट्ट दाबा. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा, पहिलं उचलू नका. गळ्याभोवती गोल आवळून काही बांधू नका. त्याने श्वासही अडतो आणि आतली सूजही कळत नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी दाबू नका, मध्यावरची श्वासनलिका दाबू नका. काही रुतून बसलं असेल तर ते ओढून काढू नका, तेच बुचासारखं काम करत असतं. हळद, कॉफी, चुना काही भरू नका. पाणी नको: गिळायची वाट फाटलेली असू शकते आणि लगेच भूलही द्यावी लागते. 108 लावा, आणि गाडीला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा, पण बोट न काढता.

आडवं घालण्याचंही सांगायला हवं. ताईंना लोक सांगत होते उठवून बसवा. गळ्यातली मोठी शीर उघडी असताना माणूस ताठ बसला तर डोकं हृदयाच्या वर जातं, शिरेत दाब राहत नाही आणि श्वास आत घेताना बाहेरची हवा त्या शिरेत ओढली जाते. हवेचा बुडबुडा हृदयात जाऊन अडकला की रक्त पुढे सरकत नाही. म्हणून रक्त वाहत असेल तर आडवं घालायचं, आणि दाब जखम पूर्ण झाकेल असा द्यायचा. एकच अपवाद. जखमेतून हवेचे बुडबुडे येत असतील, श्वासाला घरघर असेल, तोंडात रक्त येत असेल आणि माणूस स्वतःच आडवा व्हायला तयार नसेल, तर त्याला जबरदस्ती करू नका. तो ज्या अवस्थेत श्वास घेऊ शकतो त्याच अवस्थेत, पुढे किंचित वाकवून न्या. श्वास आधी.

आणि पोलिसांची भीती मनातून काढा. अनोळखी जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला त्रास देता येत नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने तसं संरक्षण दिलंय. दवाखानाही आधी पोलिसांचा कागद आणा असं म्हणू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवलंय, की जीव वाचवणं आधी, कागद नंतर.

आता गोळी. तुम्ही नाव कळवलं नाहीत, पण बहुतेक ॲस्पिरिन किंवा तशीच दुसरी असणार. "रक्त पातळ करते" असं आपण म्हणतो खरं, पण ती रक्तातल्या चिकटणाऱ्या कणांना एकमेकांना चिकटू देत नाही, एवढंच. धमनीला लावलेलं ठिगळ म्हणजे त्यांच्याच अंगातल्या शिरेचा तुकडा. कातडीवरची जखम दोन आठवड्यांत भरते, पण आतलं ते ठिगळ गुळगुळीत व्हायला वेळ लागतो. तोवर खरबरीत जागेवर गुठळी धरली आणि सुटून वर गेली तर थेट मेंदूत. सासूबाईंना ज्या लुळेपणाची भीती वाटते तो या वाटेने येऊ शकतो. म्हणून गोळी कधी थांबवायची हे फक्त ऑपरेशन केलेल्या सर्जननी सांगायचं. वरून भरलेली जखम बघून घरी ठरवू नका, शेजाऱ्यांच्या सांगण्यावरूनही नको. अंगदुखीला मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. काही दुखणीहर गोळ्यांनी ॲस्पिरिनचा गुण कमी होतो आणि पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर लगेच दाखवा. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला आधी सांगा.

घरात नजर कशावर ठेवायची तेही लिहून देते. टाक्यांच्या जवळ गाठ आली, वाढत चालली किंवा हात ठेवल्यावर नाडीसारखी उडते आहे असं वाटलं. रात्री शांततेत त्यांना कानात हृदयाच्या ठोक्याबरोबर फुसफुस ऐकू येऊ लागली. डाव्या डोळ्याची पापणी खाली आली आणि तीच बाहुली उजवीपेक्षा लहान दिसू लागली. एका डोळ्यापुढे काही मिनिटं पडदा आल्यासारखं झालं. तोंड वाकडं, हात जड, शब्द अडखळणं, मग ते दहा मिनिटांत आपोआप बरं झालं तरीही. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता नाशिक गाठा. बांधलेल्या जुग्युलरची मात्र चिंता नको. ती कातडीखालची वरवरची शीर, तिचं रक्त दुसऱ्या वाटांनी उतरतं. डावा हात खांद्याच्या वर नेताना जड जातो का, तेवढं एकदा बघा. खांदा उचलणारी नसही त्याच भागातून जाते, आणि जेवणखाण सुरळीत सुरू झालं की अशी तक्रार राहून जाते.

मुलाबद्दल मी तुम्हाला धीर देणार आहे, पण गप्प बसू देणार नाही. गळ्यावर जोराचा मुका मार बसला, मग ते हँडल असो, गाडीच्या पट्ट्याचा झटका असो की क्रिकेटचा चेंडू, तर धमनीचं बाहेरचं आवरण शाबूत राहून आतलं अस्तर फाटू शकतं. वरून काहीच दिसत नाही. फाटलेल्या अस्तरावर गुठळी धरायला तास-दोन तास लागतात, कधी दिवस लागतात, आणि मूल तोवर खेळत असतं. म्हणून गळ्याला मार लागलेलं मूल त्याच दिवशी दाखवायचं असतं. तुमचं त्या दिवशी राहिलं, आणि का राहिलं हे कोणालाही कळेल; तुमचे दोन्ही हात दुसरीकडे होते. सहा आठवडे काही न होता गेले ही चांगली खूण आहे, धोक्याचे पहिले दिवस मागे पडलेत. तरी बालरोगतज्ज्ञांना एकदा नेमकं सांगा: हँडल गळ्यावर कुठे लागलं, किती वेगात गाडी पडली, नंतर मानेच्या एकाच बाजूला दुखतं म्हणाला का, डोकं दुखलं का, आवाज बदलला का. ते दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या बघतील, हातापायांची ताकद बघतील आणि गरज वाटली तर धमनीची तपासणी सांगतील. गळ्याची डॉप्लर, म्हणजे धमनीतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, सोपी असते, पण कवटीजवळचा वरचा भाग तिला नीट दिसत नाही. डॉक्टरांना शंका आली तर ते रंगद्रव्य घालून सीटी किंवा एमआरआय करायला सांगतील. सरसकट सीटी मागू नका, लहान मुलाला विनाकारण किरणं नकोत.

याच धाग्यावर एक गोष्ट यजमानांसाठी, आणि खरं तर गावातल्या सगळ्याच पुरुषांसाठी. कटिंग-दाढी झाल्यावर खुर्चीत मान कडकन मोडून घ्यायची सवय असेल तर ती आता कायमची सोडा. मघाशी म्हटल्या त्या मागच्या दोन धमन्या मणक्यांच्या भोकांतून जातात. मान झटक्याने पिरगाळली की मणका सरकतो तसं त्यांचं अस्तर फाटू शकतं आणि तरण्याताठ्या माणसाला झटका येतो. ज्याची एक धमनी ठिगळावर आहे त्याने तर मानेला दुसऱ्याचा हातच लावू देऊ नये.

मांजाबद्दल मला राग आहे आणि तो लपवत नाही. येवल्यात तीन दिवस आसारी, म्हणजे मांजाची चक्री, घेऊन गच्चीवर जाणं काय असतं हे मला माहीत आहे, ती मजा कुणाची जाऊ नये. पण सुती मांजा ताण आला की तुटतो. नायलॉनचा तुटत नाही. माणूस 40 च्या वेगाने गाडीवरून जातो म्हणजे सेकंदाला 11 मीटर, आणि हा धागा एखाद्या झाडाला किंवा खांबाला अडकून ताणलेला असतो. तो छातीवरून सरकत वर येतो आणि हनुवटीखालच्या खोबणीत अडकतो. तिथे हाड नाही, बरगडी नाही. कातडी, पातळ स्नायू आणि लगेच शिरा. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 सालीच नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या दुखापतींची स्वतःहून दखल घेतली. तरी दर जानेवारीला गळे चिरले जातात, कारण दुकानाच्या मागच्या दाराने तो मिळतो आणि घेणारे आपल्याच घरचे असतात. पोलिसांत नोंद झाली नसेल तर आताही करा. दवाखान्यात अपघाताची कायदेशीर नोंद झालेली असणार, तिची प्रत मागून घ्या.

पुढे गाडी कधी चालवायची, हे सर्जन मान दोन्हीकडे वळवून बघितल्यावर सांगतील. पण मुलगा यापुढे टाकीवर नको, संक्रांत असो वा नसो. टाकीवर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा गळा कुठल्या उंचीवर येतो ते एकदा गाडी स्टँडवर लावून बघा. मांजा त्याच्या डोक्यावरून गेला हे तुमचं नशीब. पतंगाच्या दिवसांत तोंड पूर्ण झाकणारं, हनुवटीखाली उतरणारं हेल्मेट, गळ्याभोवती जाड सुती उपरणं दुहेरी करून, आणि हँडलवर कमानीसारखी तार किंवा सळई बसवून घ्या. जिथे आकाशात पतंग दिसतात तिथे गाडी हळू.

रात्री दचकून उठता त्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मला ती सगळ्यात लागली. एवढं रक्त स्वतःच्या हातावर बघितलेल्या माणसाला झोप लागत नाही, यात दुबळेपणा नाही. त्यातून सहा आठवडे दोष ऐकायचा. 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. यजमानांना झोप लागते का तेही विचारा. मुलगा परत परत अपघाताचा खेळ खेळत असेल तर त्याला रागावू नका, मुलं तसंच बोलतात.

सासूबाईंना एक करायला सांगा. त्यांच्या शेजारी बसा आणि त्यांचीच दोन बोटं त्यांच्या स्वतःच्या कंठमण्याच्या डाव्या बाजूला अगदी हलकेच टेकवा, एकाच बाजूला, न दाबता. तिथे जे उडतं ना, ते त्यांच्या लेकाच्या गळ्यात उघडं पडलं होतं. मग त्यांना काय म्हणायचंय ते म्हणू द्या.

कार्डावर डॉप्लर तीन महिन्यांनी लिहिलीय, म्हणजे एप्रिलचा मधला आठवडा. लग्नाच्या तारखा येतील, उन्हाळ कांद्याची काढणी असेल, आणि हे चांगले चालते-फिरते दिसत असतील, म्हणून जाणं पुढे ढकलावंसं वाटेल. आत्ताच फोन करून दिवस पक्का करा आणि कालनिर्णयवर गोल करून ठेवा. गळ्याच्या दुर्बिणीत डावा पडदा हलताना दिसला की नाही, तेवढं मला कळवा.